हरिबा दाजींचा केर

आमचे दाजी हरिबा म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचं, गोदाअक्काचं मालक. कडेगावच्या बाजूला गाव आमचं. निम्मं गाव गलाईत, सोनं गाळायला मुलूखभर पांगलेलं. दाजी नऊ वर्षं आखातातल्या एका गल्लीत, गावच्याच इंद्रजितशेठच्या दुकानात. तिथली भाषा येत न्हाई, कुणाशी ओळख न्हाई. दुकान ते खोली आन् खोली ते दुकान.

गलाईवाल्याला केर टाकवत न्हाई. झाडलेली माती, पायपुसणं, सगळं जाळून सोन्याचा कण काढायचा. दाजींना तर लयच खोड. दुकानासमोर नवा बूटपॉलिशवाला बसला, तर हे रोज संध्याकाळी त्याच्या पुढ्यातली धूळ पुडीत भरून आणायचे. कारागिरांचे बूट तिथंच झटकले जायचे नव्हं!

आता घ्या! त्यो पॉलिशवाला निघाला पोलीस. चोरीचं सोनं गल्लीत कोण गाळतंय ते बघायला तीन महिनं ब्रश घासत बसलेला. त्याला त्या पुड्यांचाच वास आला. दाजींना उचललं, गल्लीतल्या सगळ्यांचे पासपोर्ट जप्त केले.

दाजींनी ठाण्यातच धूळ जाळून मोहरीएवढा सोन्याचा मणी काढून दावला. साहेब खूश झाला. दुभाष्याकडनं म्हणाला, "आता गल्लीतल्या बाराही दुकानांचा केर तूच जाळ. चोरीच्या मालात न वितळणारी भेसळ हाय, मण्यावर बारीक काळे ठिपके येतात, ते तुझ्याच नजरेला कळतील. दुकान दाव आन् घरी जा."

घरी स्वप्नालीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न महिन्यावर आलेलं.

सातव्या मण्यावर ठिपके दिसले. केर शेठच्या दुकानाचा. दाजी म्हणाले, "साफ हाय."

साहेब म्हणाला, "सातव्याला तुझा हात थरथरला. पण थरथर कोर्टात चालत न्हाई, तुझी सही पायजे." आन् त्या बहाद्दरानं काय करावं? बाकीच्यांचे पासपोर्ट परत दिले, शेठला मुद्दाम मोकळं सोडलं. दाजींचा तेवढा ठेवला. म्हणाला, "तुला राग येस्तवर थांबतो."

फोनवर मी लय भांडलो. "दाजी, त्या चोराच्या पायी तुमी का सडताय?" तर म्हणाले, "आकाराम, नाव घेतलं तर दुकान बंद. आपल्या गावची नऊ पोरं रस्त्यावर येतील रं. त्यांच्या आया गोदाच्या दारात येऊन बसतील." हे फक्त मला सांगितलं. अक्काला सांगू नको म्हणून शपथ घातली. 

शेठ गावात आले, सुटल्याचे पेढे वाटले. अक्का रडत त्यांच्याकडं गेली, "आवं शेठ, तुमीच त्यास्नी पोटाला लावलं. कन्यादान तुमीच करा." मी दात-ओठ खात मांडव घातला.

लग्नात मी मामा, नवरीच्या मागं उभा, हातात फोन. त्यात दाजी, आन् त्यांना खेटून बसलेला साहेब. दाजींपुढं सहीचा कागद आन् पेन. शेठ बायकोसंगं पाटावर बसले, डोळं पुसत. साहेबानं पेन दाजींच्या बोटांत दिलं.

"आकाराम," दाजी कसंबसं बोलले, "शेठ दिसाया नगं रं. नुसती पोरगी दाव."

फोन फिरवू कुठं? पोरीचा हात शेठच्याच हातात होता.