ओतून द्यायचं पाणी

भागिरथीच्या कपाळावर तीन टाक्यांची खूण आहे. ती स्टीलच्या ताटाची. देवळाली प्रवरेत तिच्या भिंतीला लागूनच माझं घर. ते ताट आदळलेलं मी ऐकलं, आणि रक्तही मीच पुसलं.

तिचा नवरा सहादू उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यात किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्या. डॉक्टरांनी भागिरथीला बजावलं, "भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, पाणी फेकून द्या. ते अंगात वाढलं तर हृदय बंद पडेल." मीठ चिमूटभर. बाईनं तंतोतंत पाळलं. आणि हा रोज ताट भिरकावायचा. "हे काय जेवान हाय? गुरं बी तोंड लावायची न्हाईत!" मला विचाराल तर त्याच ताटानं त्याचं टाळकं शेकायला हवं होतं.

काही दिवसांनी ताटं उडायची थांबली. "सवय लागली त्यान्ला," भागिरथी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. पण सहादूच्या पायातलं बळ गेलं. रिपोर्टात पोटॅशियम चढलेलं. डॉक्टर भागिरथीवरच ओरडले. सहादू शेजारी मुकाट बसून होता.

दुसऱ्या दिवशी ती शेतातून लवकर परतली. चुलीपुढं सासू, आक्काबाई. पुरणाच्या डाळीचं येळवणी, म्हणजे डाळ शिजवून उरलेलं पाणी, जन्मात वाया न घालवलेली, त्याची आमटीच करणारी म्हातारी. भाजीचं फेकायचं पाणी ती रोज तांब्यात लपवत होती. त्यात येसराचा मसाला नि मीठ घालून झणझणीत आमटी करत होती. सहादू भुरके मारत होता.

भागिरथीनं पातेलं उचलून उंबऱ्यावर आपटलं. चेपेपर्यंत आपटलं. आवाज ऐकून मी धावले, तर भिंतीवरून आमटी ओघळत होती.

"सगळा कस त्या पान्यात असतो, बया!" आक्काबाई किंचाळली.

"कस न्हाई आत्याबाई, इख हाय त्यांच्यासाठी! रोज लेकाला इख पाजलं तुमी!"

सहादूनं काठी घेतली. पहिला तडाखा भागिरथीच्या खांद्यावर, दुसरा पाठीवर. मी मधे पडले तर मला ढकलून दिलं. तिसऱ्यांदा काठी वर गेली आणि आक्काबाईनं खलातला बत्ता त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"हात मोडला तरी चालंल," म्हातारी म्हणाली. "तू जगला पायजे."

सहा आठवडे प्लॅस्टर. उजवा हात गळ्यात. भागिरथी भरवायची, तो गिळायचा. भाजीचं पाणी आता आक्काबाईच मोरीत ओतायची आणि ओतताना रडायची. पोटॅशियम उतरलं.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. भागिरथीनं ताट वाढलं. सहादूनं मुकाट्यानं घास मोडला, खाल्ला, दुसरा मोडला. ती मात्र ताट ठेवल्याबरोबर दोन पावलं मागं सरकली होती, आणि तिचा हात कपाळावर होता.