मी न दिलेली हमी

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर निम्मं ठाऊकच होतं. तुम्ही परके, म्हणून जीभ सैल सोडतो. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

आमच्या रुळांवर विजेची गाडी यायच्या आधीची गोष्ट. कान्हे स्टेशनाजवळ आमचं गाव, मी तिथला पोलीस पाटील. मिशीला पीळ, आवाज मोठा, आणि आतून — जाऊ द्या. इंजिनातून पडलेला कोळसा ठाकरवाडीची पोरं वेचायची. चिंधू त्यातलाच, आठ-नऊ वर्षांचा, सदा शेंबडा, तोंडाची टकळी चालूच. टोपली भरली की आमच्या परसात ओतायचा आणि भाकरी घेऊन धूम पळायचा. त्या कोळशावर आमचा अंघोळीचा बंब तापायचा. माल रेल्वेचा, हे मला कळत नव्हतं का? पाटील होतो की मी!

भातलावणीच्या दिवसांत एकदा रेल्वेच्या शिपायानं त्याला टोपलीसकट धरला.

आमच्याकडची रीत अशी — गावचं पोर धरलं गेलं की पाटलानं कचेरीत उभं राहायचं आणि म्हणायचं, "पोर माझ्या हवाली करा, तारखेला मी हजर करतो." बस्स, एवढंच. पोर घरी यायचं. भावकीतल्या कितीतरी कार्ट्यांसाठी मी उभा राहिलो होतो. स्टेशनातले दिवे फोडणाऱ्यांसाठीसुद्धा.

त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत मी हजर होतो. सकाळी त्याच बंबाच्या पाण्यानं अंघोळ करून गेलो होतो. चिंधूचा बाप कमळू दाराशी हात जोडून उभा. त्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याची हमी कोण धरणार? मामलेदारसाहेबांनी विचारलं, "या पोराची हमी कोण घेतं?"

चिंधूनं माझ्याकडे पाहिलं. हसला हो! त्याला वाटलं, सुटलो.

आणि मी? मी उठलो की हे पोर आनंदानं बोलून जाणार — ह्यांच्याच घरी टाकतो कोळसा. मग माझी पाटीलकी? मी माझ्या जोड्यांकडे पाहत बसलो. मान वर केली तेव्हा त्याला नेलं होतं.

तारखांवर तारखा पडल्या. पोर कच्च्या कैदेत, मोठ्या गुन्हेगारांच्यात. कमळू बाजारात गाठून विचारायचा, "पाटील, पोर कवा यील?" मी म्हणायचो, "खटपट चालू हाय." कसली खटपट आणि कसलं काय!

भातं कापून झाली तेव्हा चिंधूला सोडला. टोपलीतला कोळसा रेल्वेचाच, हे शिपायाला शाबीत करता आलं नाही. कोळसा कुणाकडे टाकायचा, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमळू मधाचं गाडगं घेऊन दारात. "तुमी खटपट केली म्हून पोर दिसलं, पाटील." मागे चिंधू उभा होता. "ये रे," म्हणून मी हात पुढे केला — तसा तो मटकन उकिडवा बसला आणि दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरली. दोरी बांधायला. तोंडातून शब्द नाही. पुढेही कुणी त्याला बोलताना ऐकलं नाही.

कमळू जिवंत होता तोवर दरसाल मध आणायचा. ओट्याखाली बसून विचारायचा, "ग्वाड हाय न्हवं, पाटील?"

"लय ग्वाड," मी म्हणायचो.