डाव्या सीटवरून ‘ग्रीन’

जबलपूर-नागपूर रोडवर इतकी वर्षं गाडी चालवून राहिलो, पण माझ्या गाडीला आजपर्यंत एक ओरखडा नाही. ओरखडा यायला दुसऱ्या गाडीच्या जवळून जावं लागते, आणि माझ्या जवळ कोणी थांबतच नाही – सगळे हॉर्न मारत, आईबहीण काढत पुढं निघून जातात. एकदा तर शेणखताची ट्रॉली पुढं गेली. वर बसलेल्या बाईनं मला हात हलवून बाय-बाय केलं.

तर मी असा माणूस. आठवी नापास. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये सीट कव्हर शिवायचं दुकान. हे पण मोबाईलमध्ये बोलून लिहून राहिलो, काही चुकलं तर मोबाईलला बोला. इथं ग्रुपवर लोक भुताखेताचे किस्से टाकतात, ते मी जेवता-जेवता वाचायचो आणि हसायचो. विश्वास काडीचा नाही. माझं म्हणणं असं, की भुताला पण काही इज्जत असेल ना... ते माझ्यासारख्याच्या नादी काहून लागेल?

आता हसत नाही.

माझे सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. रिटायर झाले तरी इंजिन काही डोक्यातून उतरलं नाही. इंजिनात ड्रायव्हर डावीकडं बसतो, असिस्टंट उजवीकडं. माझ्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडं. म्हणून शेजारी डाव्या सीटवर बसले की ते म्हणायचे, “ड्रायव्हर मी आहो. तुम्ही असिस्टंट.” आणि इंजिनात कायदा असा, की सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं पुकारायचा, आणि दुसऱ्यानं तोच शब्द परत पुकारायचा. म्हणजे दोघंही जागे आहेत हे समजते. ते मला भर बाजारात हेच करायला लावायचे. चौकात हिरवा दिवा लागला की हे ओरडणार – “ग्रीन!” मी गप्प बसलो की मांडीवर चापट. मग मी पण ओरडायचो, “ग्रीन!” बाजूचे स्कूटरवाले वळून पाहायचे. माझी बायको सुनंदा मागच्या सीटवर पदरानं तोंड झाकायची.

माझी स्पीड पाहून तर त्यांचं बीपीच वाढायचं.

“जावईबापू, रोड मोकळा आहे. बैलगाडी काहून हाकून राहिले?”

“बाबा, हळू गेलेलं बरं. सेफ असते.”

“सेफ? अहो, सेक्शनमध्ये गाडी अडली तर गार्ड मागं पळतो, रुळावर पटाखे लावतो, म्हणजे मागच्या गाडीला कळावं. तुमच्या मागं कोण पळून राहिलं? सुनंदा?”

मी दात काढायचो. दुसरं काय करणार? चाळीसच्या वर काटा गेला की मी देवाचं नाव घ्यायला लागतो. उपजत भित्रा आहे मी.

मागच्या थंडीत बाबा गेले. नागपूरला दवाखान्यात होते, तिथंच गेले, तिथंच अग्नी दिला. सुनंदा एकुलती एक, तिनंच दिला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या जबलपूरलाच होत्या, त्यांना शेवटचं पाहताही आलं नाही. म्हणून ठरलं, की अस्थी जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत सोडायच्या आणि सासूबाईंच्या हातानं सोडायच्या. गुरुजींनी सांगितलं, आजच आणि दिवस मावळायच्या आधी. नंतर मी हात लावणार नाही, म्हणाले.

सासूबाईंनी फोनवर एक गोष्ट पक्की बजावली. रस्त्यात जितके पूल लागतील, तितक्या वेळा नाव घेऊन सांगायचं – पूल आला, चला आमच्यासंग. नाही सांगितलं तर माणूस पाण्याच्या त्या काठालाच उभा राहते. आणि कलश खाली ठेवायचा नाही, मांडीवरच.

म्हणून सुनंदा मागच्या सीटवर, मांडीवर लाल कपड्यात बांधलेला कलश. माझ्या बाजूची डावी सीट रिकामी. तिथं कोणी बसलं नाही, सामान पण नाही ठेवलं. ती जागा बाबांची.

सकाळी नागपूरहून निघालो. मी चाळीसवर. चारपदरी रोड, काचेसारखा, आणि मी डिव्हायडरला चिकटून चाललेलो... कारण डावीकडं गाई बसतात, उलटे मोटरसायकलवाले येतात. मला वाटायचं उजवी लेन आपल्यासारख्यांसाठी असते. सिवनीच्या अलीकडं टोलवरच्या पोरीनं काच खाली करायला लावली.

“अंकल, गाड़ी में कुछ दिक्कत है क्या?”

“नहीं बेटा, ड्राइवर में है,” सुनंदा मागून बोलली.

सिवनी गेलं, लखनादौन गेलं. प्रत्येक पुलावर ती हळूच म्हणायची, “बाबा, पूल आला, चला.” मधे-मधे मला म्हणायची, “अहो, दाबा ना जरा. आई घाटावर येऊन बसली. दिवस कलून राहिला.”

“अस्थी आहेत, धक्का लागेल,” मी म्हटलं. खोटं होतं. धक्का मलाच लागत होता.

धूमाच्या पुढं तिला झोप लागली. दवाखान्यात किती रात्री तिनं डोळा लावला नव्हता. कलशाला दोन्ही हातांनी धरून, मान एकीकडं टाकून झोपली. उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, पूल आपण पुकारू.

पहिला आला. मी म्हटलं, “बाबा, पूल आला, चला.” माझाच आवाज मला बस कंडक्टरसारखा वाटला.

दुसरा आला, लहानसा, नाल्यावरचा. “बाबा, पूल आला.”

“पूल.”

मला वाटलं सुनंदा जागी झाली. आरशात पाहिलं. तोंड उघडं टाकून झोपलेली. आणि आवाज मागून नव्हता आला. डावीकडून आला होता, माझ्या खांद्याच्या पलीकडून. दबका, घोगरा, जसा सिगारेट पिणाऱ्या म्हाताऱ्याचा असते.

दुसरा कोणी असता तर गाडी पळवली असती. मी काय केलं? ब्रेक दाबला. घाबरलो की माझा पाय ब्रेकवरच जाते. काटा चाळीसवरून वीसवर आला. बरगीच्या आधी जो लांब उतार लागतो, तो सुरू झाला होता, आणि मी त्या उतारावर उजव्या लेनमध्ये गोगलगाय होऊन चाललेलो. मान वळवून डाव्या सीटकडं पाहायची हिंमत नव्हती. कोपऱ्यातून दिसत होती... रिकामी. मीच शिवलेलं कव्हर. दोन्ही काचा बंद. आतमध्ये एवढी शांतता, की माझाच श्वास मला दुसऱ्याचा वाटून राहिला.

“ग्रीन.”

मी स्टीअरिंगला चिकटून समोरच पाहत राहिलो.

“ग्रीन!”

आता दम भरल्यासारखं. आणि माझ्या डाव्या मांडीला – शपथ घेऊन सांगतो – चापट बसली. जोराची नाही. जशी बसायची तशीच.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “ग्रीन!”

आणि पाय ॲक्सिलरेटरवर गेला. पाय माझा, चप्पल माझी, पण जोर माझा नव्हता. एवढा जोर मी जन्मात कशात लावला नाही, लग्नाच्या घोड्यावर चढतानाही नाही. गाडी बोंबलली. काटा पन्नास, सत्तर, नव्वद... मी ओरडून राहिलो, पण पाय काही उठेना.

तेव्हा आरशात पाहिलं.

आरशात रोडच नव्हता. नुसतं लोखंड होतं. सळ्या भरलेला ट्रेलर, दोन्ही लाईट लागलेले, इतका जवळ की त्याच्या बंपरवर बांधलेलं लिंबू-मिरची दिसत होतं. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून हटा-हटा करून राहिला होता. त्याच्या डावीकडं माणसांनी भरलेली बस, उजवीकडं डिव्हायडर. त्याला जायला एकच जागा होती, आणि तिथं आम्ही होतो.

झटक्यानं सुनंदा जागी झाली. कलश छातीशी धरून ओरडली, “अहो! काय करून राहिले? बाबा पडतील!”



उतार संपला, पुढं चढ लागला. आरशातला ट्रेलर हळूहळू लहान होत गेला. बस मागं राहिली, तसा तो डावीकडं मुरमात उतरला आणि शेतात जाऊन तिरपा उभा राहिला. माझा पाय तेव्हा सुटला. गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि कडेला उतरलो. हातापायांवर बसलो, गायीसारखा.

थोड्या वेळानं ट्रेलरवाला चालत आला. जवान माणूस, पण ओठ पांढरे.

“ब्रेक फेल हो गया था, भैया. ऊपर से हॉर्न मारते आ रहा हूँ. आप तो रेंग रहे थे. मैंने तो आँख बंद कर ली थी... फिर आप एकदम भागे कैसे?”

मी सुनंदाकडं पाहिलं. “तू काही बोलली होती का? ग्रीन वगैरे?”

“मी झोपले होते,” ती म्हणाली. मग तिनं डाव्या सीटकडं पाहिलं आणि लाल कपडा नीट करू लागली.

तिथून मी ऐंशीनं आलो, डावी लेन धरून. तिलवाऱ्याच्या पुलावर सुनंदा रडत म्हणाली, “बाबा, नर्मदा आली, चला.” मी कान देऊन होतो. डावीकडून काहीच नाही आलं. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की बाबा गेले.

घाटावर ऊन अजून पाण्यावर होतं. सासूबाईंनी कलश हातात घेतला, गालाला लावला आणि त्यांच्या हातानं सोडला.

आता लोक मला समजावतात. मेकॅनिक म्हणतो, रेस अडकली असेल. गाडी तपासली, काही नाही निघालं. डॉक्टर म्हणतात, झोप नव्हती, डोक्यानं खेळ केला. भाचा म्हणतो, मामा, तुम्ही ट्रेलरचा हॉर्न ऐकला असेल, तोच ‘ग्रीन’ वाटला. पण मी हॉर्न ऐकलाच नाही हो! एवढा मोठा हॉर्न नाही ऐकला, तर तो दबका आवाज काहून ऐकला? तुमच्यापैकी कोणाजवळ उत्तर असेल तर सांगा.

दुकानात मात्र मी हा किस्सा येईल त्याला सांगायचो, आणि शेवटी छाती फुगवून म्हणायचो – सासऱ्यांचा माझ्यावर फार जीव, मेल्यावरही जावयाला वाचवायला आले. मागच्या रविवारी घरी पाहुण्यांसमोर पण तेच म्हटलं. सासूबाई कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता बोलल्या,

“तुमच्यासाठी नाही आले ते, जावईबापू. मागं त्यांची पोरगी झोपली होती.”