सोपान कंपाउंडरचं कंपाउंड

भाटघर धरणाच्या रस्त्याला, आमच्या घराला लागूनच सोपाननानांचं घर आहे. त्या घराच्या भिंतीवर निळ्या रंगात 'सोपान कंपाउंडर' असं लिहिलंय आणि खाली मोबाईल नंबर. ती अक्षरं माझी. मी पेंटर आहे. दुकानाच्या पाटीपासून टेम्पोच्या पाठीपर्यंत सगळं रंगवतो, आणि माझ्या अक्षराला नावं ठेवणाऱ्याशी मी आठवडाभर बोलत नाही.

नानांनी उभा जन्म नसरापुरातल्या एका दवाखान्यात काढला. डॉक्टर आत बसायचे, पण बाहेरचं राज्य नानांचं. पुड्या बांधणं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवणं, जखमा धुणं, आणि "कंपाउंडर, माजा नंबर कवा?" म्हणणाऱ्यांवर खेकसणं. पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून पुण्याला लेकीकडे गेले आणि नाना घरी बसले. खायला-प्यायला कमी नव्हतं, पण हाक मारणारं कुणी राहिलं नाही. कालपर्यंत हात जोडून औषध मागणारी माणसं आता नुसती मान हलवून पुढे जायची. मला त्याचा फार राग यायचा. तेव्हाच नानांनी पाटी रंगवून घेतली. "नंबर बी टाक," म्हणाले, "येळेला कुनाला लागलं तर?"

बरेच दिवस कुणालाच लागलं नाही. मग धरणाच्या पाण्याकडेने पुण्याच्या लोकांनी प्लॉट घेऊन घरं बांधायला सुरुवात केली. ही माणसं घराच्या आधी कंपाउंडची काळजी करतात. एका रविवारी नानांचा मोबाईल वाजला.

"कंपाउंडर का?" बाईचा आवाज होता.

"व्हय व्हय, बोला!" नाना ताडकन उभे राहिले.

"पाच गुंठ्यांना साधारण काय खर्च येईल?"

मी शेजारीच बसलो होतो. ठेवा, ठेवा अशी मी खूणही केली. नानांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाले, "पेशंट बघितल्याबिगर डोस सांगता येत न्हाई."

नानांच्या बायकोने, सखूकाकूंनी, आतून ऐकलं आणि त्या परात घेऊनच बाहेर आल्या. "अवो, तुमी गोळ्यांचं कंपाउंडर, तारंचं न्हाई!"

"कंपाउंडर म्हनूनच इचारलं ना तिनं? मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मला गाडी काढायला लावून नाना नसरापुरात हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "जाळीचं कंपाउंड गुंठ्यावर नसतं नाना, रनिंग फुटावर असतं." नाना विचारात पडले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मला आता पळनं व्हत न्हाई. चालत मोजलं तर भाव कमी लागंल का?" दुकानदार काउंटरखाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. शेवटी त्याने डोळे पुसत समजावलं, की पळायचं नाही, हद्दीच्या कडेकडेने लांबी धरायची. म्हणून पाच गुंठे चौकोनी असले तर खर्च कमी आणि पट्टीसारखे लांबडे असले तर जास्त. नानांना हे एकदम पटलं. "म्हंजे वजन सारकं असलं तरी उंच मानसाला बँडेज जास्ती लागतं," ते म्हणाले. मग पोल, तार, सिमेंट सगळंच त्यांनी त्याच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं.

फोन करणारी शेफालीताई एकटी नोकरी करणारी मुलगी होती. आमच्या घरांच्या खालीच, पाण्याकडेला तिने छोटं घर बांधलं होतं आणि मागच्या बाजूने रानडुकरं येऊन तिची भाजी उकरत होती. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. लोखंडी पहार घेऊन त्यांनी जमीन जागोजागी ठोकली आणि कान लावून ऐकली. एका कोपऱ्यात म्हणाले, "हितं कातळ हाय. खड्ड्याला ब्रेकर मशीन लागंल, खर्च वाढंल." चढावर म्हणाले, "हितं बीपी हाय, पोल जवळजवळ घ्यावं लागत्याल." सरकारी मोजणी आधी करून घ्या, बिनतपासणीचं औषध नको, असंही बजावलं. मग खिशातून तीन पुड्या काढल्या. एकीत चिमूटभर सिमेंट, दुसरीत वाळू, तिसरीत खडीचे बारके खडे. "पोलाच्या बुडाला ह्ये कालवायचं. एकास दोन, दोनास चार. कोपऱ्याच्या पोलाला तिरपा टेकू. रस्त्याकडं जाळी, डुकरांकडं काटेरी तार. गेट आन् टेम्पोचं भाडं येगळं. समदं जेवनानंतर."

"जेवणानंतर?"

"सवय हो ताई."

शेफालीताई खूष झाली. "इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. मोजणी झाली की कामाला लागा."

घरी येईपर्यंत नानांचा चेहरा उतरला होता. सखूकाकू म्हणाल्या, "सांगून टाका तिला खरं." नाना म्हणाले, "सांगितलं तर ती पुन्ना फोन करायची न्हाई." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले. म्हाताऱ्याची मला दयाही आली आणि चीडही.

शेवटी त्यांनी शिवऱ्याच्या अमृतला गाठलं. तो खरोखरच कंपाउंडची कामं करायचा. मोजणी झाली आणि अमृत माणसं, पोल, तारेची वेटोळी घेऊन हजर झाला. शेफालीताईने विचारलं, "तुम्ही कोण?"

"म्या कंपाउंडवाला."

"मग हे?"

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी टोपी काढली. "म्या औषदाचा कंपाउंडर, ताई. तारंचा न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कंपाउंडर म्हनून हाक मारली. लई दिसांनी कुनी मारली व्हती."

ती हसली नाही. "म्हणजे मी गोळ्या देणाऱ्याचं ऐकून घराला कुंपण घालतेय?" म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. तिचंही बरोबर होतं, पण मला ते आवडलं नाही.

नाना घरी आले ते थेट माझ्या दारात. "पुसून टाक ती पाटी."

"माझी अक्षरं मी पुसत नसतो."

"मंग म्या पुसतो. दे चुना." त्यांचा आवाज असा होता की मला उठावंच लागलं. मी चुना कालवला, कुंचला बुडवला आणि भिंतीपाशी गेलो. तेवढ्यात खालून शेफालीताईच्या प्लॉटाकडून आरडाओरडा ऐकू आला. अमृतचं काम थांबलं नव्हतं. काटेरी तारेचं वेटोळं सोडताना तार उसळली होती आणि ज्ञानू नावाच्या कामगाराचा हात कोपरापर्यंत फाटला होता. तो बोंबलत होता, "कंपाउंडरला बोलवा! कंपाउंडरला!"

"आरं, म्या हितंच हाय की!" अमृत ओरडला.

"तू न्हवं रं! खरा कंपाउंडर!"

नानांनी घरातून कापसाची पिशवी उचलली आणि धावत सुटले. मी कुंचला हातात घेऊनच मागे. गुडघे दुखणारा तो माणूस नव्या हद्दीच्या कडेकडेने असा पळाला, की रनिंग फूट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. गेट अजून बसलं नव्हतं म्हणून बरं.

नानांनी हात धुतला, दाबून धरला, पट्टी बांधली. ज्ञानूवर तसेच खेकसले, जसे दवाखान्यात खेकसायचे. मग त्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. शेफालीताई कापूस पुढे करत होती. शेवटी म्हणाली, "कंपाउंडर, चहा घेऊन जा." नाना मान खाली घालून चहा प्याले.

परतताना मी म्हटलं, "नाना, पाटी ऱ्हाऊ द्या. खाली कंसात 'औषधाचे' असं टाकतो, म्हंजे पुन्हा घोटाळा नको."

नाना भिंतीसमोर थांबले. माझी अक्षरं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"नगं," म्हणाले. "मंग फोन कुनाचा यायचा?"