कामापुरतं ऐकणारे दोरीनाना

दोरीनानांनी उभं आयुष्य मला झाकण्यात घालवलं. ते आमच्या नाटकमंडळीचे पडदेवाले. मी हुंदका देऊन कोसळले, की व्यवस्थापक विंगेतून दबक्या आवाजात म्हणायचे, "पडदा!" आणि नाना दोरी सोडायचे. माझ्या कितीतरी मरणांवर त्यांनी वेळेवर पांघरूण घातलं. त्यांचा हात जरा रेंगाळला असता, तर मेलेली मी गुडघा चोळत उठताना लोकांना दिसले असते.

मंडळी मोडली. थिएटर वैद्यकीय महाविद्यालयाने सभागृह म्हणून घेतलं, आणि जुन्या पडद्याबरोबर नानाही तिकडे गेले. वयाने कान गेले, पण एक शब्द तेवढा शाबूत राहिला. घरी वहिनी जेवायला हाका मारून दमायच्या आणि शेवटी ओरडायच्या, "पडदा!" नाना ताडकन उठून समोर दिसेल ती दोरी सोडायचे. वाळत घातलेली धुणी धुळीत. "संसार मी केला," वहिनी म्हणायच्या, "आणि ऐकतात त्या मेल्या पडद्याचं!"

गेल्या वर्षी त्या महाविद्यालयातून मला बोलावणं आलं. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपलं काम तीन मिनिटांत, साध्या भाषेत सांगायचं. उत्तम सांगेल त्याला बक्षीस. परीक्षकांत विज्ञानातलं काही न कळणारी एक प्रतिष्ठित व्यक्ती हवी होती. प्रतिष्ठेचं माहीत नाही, पण दुसऱ्या अटीत मी चपखल बसले.

विंगेत डोकावले तर नाना दोरीपाशी उभे, चेहरा उतरलेला. सभागृहाच्या व्यवस्थापकाने लिहून दिलेला कागद त्यांनी पुढे केला : आज एक चूक झाली, तर सोमवारपासून पडद्याला मोटर.

"बाई, बटण दाबलं की पडदा पडणार म्हणे. मग मी घरी बसून काय करू? धुणी पाडू?"

मी त्यांचा हात दाबला आणि परीक्षकांच्या टेबलाशी जाऊन बसले.

पहिली काही मुलं सुरळीत पार पडली. यकृत झालं, मूत्रपिंड झालं. मग एक सडपातळ मुलगी माइकपाशी आली.

"नमस्कार. आपल्या प्रत्येकाच्या कानात एक पडदा असतो."

पडदा पडला.

आतून आवाज आला, "अहो, पडदा का..."

तोच शब्द ऐकून नानांनी पडदा वर ओढला. मुलगी गोंधळली, पण तिने हार मानली नाही. "तर हा पडदा फाटला की..."

पडला.

मुख्य परीक्षक हृदयाचे मोठे डॉक्टर. ते माझ्याकडे झुकले. "बाई, हे प्रात्यक्षिक आहे का?"

"असावं," मी म्हणाले. नानांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. "दिग्दर्शन धाडसी आहे."

तेवढ्यात व्यवस्थापक विंगेत धावले आणि नानांच्या कानाशी किंचाळले, "नाना, पडदा नको!" नानांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. पडदा वर गेला. नाना आनंदाने फुलले होते. एवढ्या प्रवेशांचं नाटक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

घंटा वाजली. मुलीचे डोळे भरून आले. पण वेळ मोजणारे कारकून नियमाला पक्के. ते उभे राहिले. "नियमात लिहिलंय, स्पर्धक प्रेक्षकांना तीन मिनिटं दिसला पाहिजे. ही निम्मा वेळ दिसलीच नाही. उरलेला वेळ द्यावा लागेल."

"पण पडद्याआड ती बोलत होती," डॉक्टर म्हणाले.

"बोलण्याबद्दल नियमात काही नाही, साहेब."

कारकुनाच्या तोंडी तो शब्द आलाच नव्हता, पण डॉक्टरांच्या आला, आणि त्यांचा आवाज खणखणीत. पडदा पुन्हा पडला.

या वेळी मुलगी हाक मारत बसली नाही. जुन्या पडद्याला डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. आम्ही नट त्यातून गर्दीचा अंदाज घ्यायचो. त्या भोकातून एक बोट बाहेर आलं.

"हे भोक बघा," आतून आवाज आला. "कानातही असंच पडतं. मग आवाज आत नीट पोचत नाही. आम्ही तिथे रेशमाचं पातळ ठिगळ लावतो." बोट आत गेलं आणि भोकावर आतून रुमाल आला. "ठिगळाच्या आधाराने कडा वाढत येतात, एकमेकींना भेटतात, आणि शेवटी पुन्हा अख्खा होतो आपला..."

ती थांबली. पोरगी नटी व्हायची ती चुकून शास्त्रज्ञ झाली होती.

अख्खं सभागृह गरजलं, "पडदा!"

आणि नानांनी तो असा संथ, असा राजेशाही वर नेला, की हृदयाचे डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. डॉक्टरांनी व्यवस्थापकाला बोलावून विचारलं, "पडद्यावर कोण होतं? पुढच्या वर्षी मला हाच माणूस हवा."

"आमचे नाना, साहेब," व्यवस्थापक छाती काढून म्हणाले. "मोटरबिटरवर माझा विश्वासच नाही."

मुलगी धावत विंगेत गेली. नानांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "नाना, उद्या आमच्या विभागात या! कान तपासू! ठिगळाने भागतं का बघू!"

नानांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी दोरीची गाठ पक्की केली.

"येतो, पोरी. पण एकच कान बरा कर हं," ते म्हणाले. "दोन्ही बरे झाले तर लोक काय काय बोलतात ते सगळं ऐकत बसावं लागेल, आणि दोरीवरचं लक्ष उडेल."