आत काय आहे ते सांगू नका

गल्लीत त्याला सगळे सर्जन म्हणायचे आणि ते त्याला मनातून आवडायचं. रेडिओपासून सुरुवात केलेला माणूस. मग टीव्ही, मग संगणक, आता लॅपटॉप. जिन्याखाली हातभर दुकान, टेबलावर पांढरा टॉवेल, स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. हात सोन्याचे, पण तोंड फटकळ. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा हात वर करायचा. "आत काय आहे ते सांगू नका. मला फक्त बिघाडाशी मतलब."

हा त्याचा नियमच होता. लोकांचे फोटो, पत्रं, भानगडी आपल्याला कशाला हव्यात, न विचारणं म्हणजे सभ्यपणा, असं तो सांगत फिरे. खरं म्हणाल तर त्यात निम्मा आळस होता. लोक एकदा सुरू झाले की आवरत नाहीत आणि काम खोळंबतं.

त्या सोमवारी एक जोडपं आलं. नवरा साठीचा, बायको थोडी लहान, गळ्याभोवती पातळ रुमाल. लॅपटॉप तिनेच छातीशी धरला होता. नवरा म्हणाला, "बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. साहेब, यात हिचं..."

"आत काय आहे ते सांगू नका."

"नाही, पण ऐकून तर..."

"काका, मी चालू करून देतो. परवा या."

सर्जनने बायकोच्या हातून लॅपटॉप घेतला. बायकोने दोघांकडे पाहिलं, हातातल्या छोट्या पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, पण सर्जनने तोवर लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला सुरुवातही केली होती.

बॅटरी सोडवून अर्धा मिनिट बटण दाबून धरलं, काही नाही. पडद्यावर तिरका टॉर्च मारून आत पुसट चित्र दिसतं का ते पाहिलं, नाही. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून पुन्हा बसवली, बाहेरचा मॉनिटर लावून पाहिला. सगळीकडे काळोख. म्हणजे दोष मुख्य बोर्डात. दोन दिवस डोकं घातलं असतं तर तो बोर्ड उठला असता, एवढं कसब त्याच्याकडे होतं. पण फळीवर त्याच मॉडेलचा एक बोर्ड पडला होता, पडदा फुटलेल्या लॅपटॉपातून काढलेला. तासाभरात त्याने तो बसवला. मग सवयीप्रमाणे जुन्या बोर्डावर गरम हवेची बंदूक फिरवून कामाचे भाग उचलले आणि डबीत टाकले. टाकाऊ बोर्ड दुकानात ठेवायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम.

बटण दाबलं. पडदा उजळला. निळा होता. त्यावर लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

सर्जनच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या लॅपटॉपात डिस्कला कुलूप असतं आणि किल्ली मूळ बोर्डात राहते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसांची यंत्रं यायची तेव्हा तिथल्या कोणाकडे तरी तो आकडा असायचा, म्हणून कधी अडलं नव्हतं. त्याने डबीकडे पाहिलं. तिथून परत काही जुळणार नव्हतं.

बुधवारी ती दोघं आली. उजळलेला पडदा बघून बायकोचा चेहरा असा फुलला की सर्जनला मान वर करवेना. तोंडाशी आलेलं खोटं अगदी सोपं होतं, 'डिस्क आधीच गेलेली होती.' या धंद्यात हे वाक्य सगळेच वापरतात. त्यानेही वापरलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा.

"किल्लीचा आकडा आहे का कुठे लिहून ठेवलेला?" त्याने विचारलं.

"कसली किल्ली? शाळेने दिलेला होता तो, ही तिथे शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा तिलाच देऊन टाकला. शाळेतल्या संगणकवाल्याने काय लावून दिलं ते आम्हाला काय ठाऊक? आता तो माणूस नाही आणि हिचं शाळेतलं खातंही बंद केलंय."

सर्जनने सगळं सांगितलं. बोर्ड, डबी, बंदूक. काहीही लपवलं नाही. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, "काय होतं आत?"

"हिचा आवाज," नवरा म्हणाला. "गाठ होती, स्वरयंत्र काढायचं ठरलं. त्याआधी पंधरा दिवस रोज बसून हिने बोलून ठेवलं. रोजची वाक्यं. दार लाव, औषध घेतलंस का, लवकर ये. मला हाक. दोन्ही नातवंडांना हाका. मशीन तेच तिच्यासाठी बोलायचं. दुसरीकडे उतरवून घ्यायचं राहून गेलं हो. आज करू, उद्या करू."

सर्जनला वाटलं, या माणसाने आपल्याला चारचौघांत शिव्या घालाव्यात, टेबल उलटं करावं. त्याने यातलं काहीच केलं नाही.

बायकोने पाटी घेतली. एक ओळ लिहून ती सर्जनपुढे धरली. त्याने चष्मा शोधला, तेवढ्यात नवऱ्याने हात पुढे केला. "द्या. तिचं बोलणं मी वाचतो."

त्याने वाचलं, "यापुढे येणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्या." दातओठ खात वाचलं.

तिने मान हलवली. असं नाही.

त्याने पुन्हा वाचलं, खालच्या आवाजात, अगदी समजुतीने. तिने पुन्हा मान हलवली, ओठ हलवून दाखवले, कसं म्हणायचं ते. गळ्यावरच्या रुमालाआडून नुसती हवा आली. त्याने तिसऱ्यांदा वाचलं, थांबत थांबत, तिच्या तोंडाकडे बघत.

तिने पाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुसून टाकली.