वेस कुठे गेली?

गोदाकाठच्या सपाट रानातून सायकल मारत जुन्या गावापाशी आलो. कापूस वेचणाऱ्या मावशींनी सांगितलं होतं, "वेशीतून सरळ आत जा." वेस काही सापडेना. चहावाल्या काकांना विचारलं.

"वेशीतच उभे आहात. रस्ता रुंद करताना पाडली."

काळ्या दगडाची अख्खी कमान, उसाच्या ट्रॉल्या अडकतात म्हणून पाडली. ट्रॉल्या जरा वळसा घालून गेल्या असत्या, तर साखर काय कडू झाली असती?

तेवढ्यात एक आजोबा सायकलवरून आले, त्या मोकळ्या जागी उतरले, चार पावलं चालले आणि पुन्हा टांग मारून गेले.

"वेशीतून कुणी बसून जात नाही," काका म्हणाले.

मीही सायकल हातात धरून चालू लागलो. मागून ट्रॉलीवाला हॉर्न वाजवत राहिला. म्हटलं, वाजव. ही वेस आहे.